भाड्याचें दप्तर व आपला हिशेब

अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था यांच्या जमाखर्चांत 'सॉफ्टवेअर वर्गणी' ही एक नवी बाब दिसूं लागली आहे. खतांची खरेदी, गुदामाचें भाडें, हमाली यांवर सभासद वार्षिक सभेंत तासतासभर बोलतात. या बाबीवर मात्र कोणी एक शब्द काढीत नाहीं. पैसा कशासाठीं जातो हेंच बहुतेकांस ठाऊक नसतें. सबब त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहावे असें आम्हांस वाटतें.

गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ या नांवांनीं जें मिळतें तें म्हणजे भाड्याचें दप्तर होय. पत्रव्यवहार, तक्ते, कागदपत्रें, सभांच्या तारखा हें सर्व त्या कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर राहतें व आपण तें इंटरनेटवरून वापरतों. भाडें माणशीं व दरमहाच्या हिशेबानें पडतें. खातें कोणी वापरो वा न वापरो, तें चालू आहे तोंवर आकारणी थांबत नाहीं. पाणीपट्टी भरावी आणि वाफेच बांधूं नयेत, अशी गत त्यामुळें अनेक संस्थांची झाली आहे.

आमच्याच संस्थेची गोष्ट सांगतों. बारा खात्यांचे पैसे तीन वर्षें भरले जात होते. गेल्या वर्षीं यादी तपासली तेव्हां दोन खातीं नोकरी सोडून गेलेल्यांचीं, आणि तीन 'विक्री', 'खरेदी', 'लेखा' अशा नुसत्या पत्त्यांचीं निघालीं. प्रत्यक्ष माणसें सातच. त्याहून वाईट गोष्ट पुढेंच होती. सभासदांच्या सोयाबीनच्या वजनांचा तक्ता जुन्या व्यवस्थापकांनीं स्वतःच्या फुकट खात्यांत ठेवला होता. ते गेले, पासवर्ड त्यांजबरोबर गेला. आणि दोन हंगामांच्या वजनांविषयीं तक्रार आली तेव्हां दाखवावयास कांट्याच्या पावत्यांचे गठ्ठे तेवढे उरले, त्यांतल्याही कित्येक पुसट झालेल्या. दोष एकट्या व्यवस्थापकांचा नव्हे. ज्या दप्तराचें भाडें आम्ही भरीत होतों तें उघडून पाहण्याची तसदी मंडळानें घेतली नाहीं, हा खरा दोष.

या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, अधिक महाग योजना घेण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या.

पहिली, खात्यांची मोजदाद. विक्री-खरेदीच्या पत्त्यांस निराळें खातें घेण्याचें कारण नाहीं. मायक्रोसॉफ्टमध्यें ५० जीबीपर्यंतची सामाईक टपालपेटी वेगळ्या परवान्यावांचून मिळते. गूगलमध्यें गट करून तेंच काम भागतें. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिक योजनेंत एक्सेल ब्राउझरमध्यें व मोबाईलवर चालतें. तें संगणकांत बसवून हवें असल्यास वरची योजना लागते. ती लेखापालास द्यावी, गुदामावरील माणसास खालची पुरे. मात्र माणूस गेला म्हणून त्याचें खातें घाईनें पुसूं नये; आधीं त्यांतील कागद दुसऱ्याच्या हवालीं करावे. पुसलेलें खातें गूगलमध्यें २० व मायक्रोसॉफ्टमध्यें ३० दिवसांच्या आंतच परत आणतां येतें.

दुसरी, मालकी. संस्थेचा एकही तक्ता कोणाच्या खासगी खात्यांत नसावा. दप्तराचा मुख्य अधिकार एकाच नोकराकडे न ठेवतां दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि पासवर्डाखेरीज दुसरी खूण मागणारी पडताळणी सर्वांस सक्तीची करावी. तिला जादा पैसा पडत नाहीं. कंपनी कायदा, २०१३ अन्वयें हिशेबाच्या वह्या ८ वर्षें जपाव्या लागतात. नोकर तितकीं वर्षें टिकेलच असें नाहीं.

तिसरी, ज्याचे पैसे भरले तें वापरणें. खरिपापूर्वीं बियाण्याची मागणी दोन्ही कंपन्यांच्या फॉर्ममधून घेतां येते; सभासद मोबाईलवर भरतो व आंकडा थेट तक्त्यांत उतरतो. सामाईक तक्त्यांतील आंकडा कोणी व केव्हां बदलला हें त्याच्या मागील आवृत्त्या उघडून पाहतां येतें. वजनाच्या वादांत याहून निःपक्षपाती साक्षीदार कोणता?

कोणी म्हणेल कीं, वही आणि व्हॉट्सॲप यांवर आमचें भागतें. पन्नास सभासदांच्या संस्थेचें खरोखरच भागत असेल तर तिनें हें भाडें भरूंच नये, असें आम्हीही म्हणूं. परंतु भरावयाचें आणि वापरावयाचें नाहीं, यास काटकसरही म्हणतां येत नाहीं व सुधारणाही म्हणतां येत नाहीं.

तरी येत्या वार्षिक सभेंत सभासदबंधूंनीं आपल्या मंडळास तीन प्रश्न अवश्य विचारावे. खातीं किती? वापरणारे किती? आणि उद्यां व्यवस्थापक गेले तर आमच्या मालाच्या वजनाचा तक्ता कोण उघडील? पहिल्या दोहोंचें उत्तर चुकलें तर कांहीं रुपये जातील. तिसऱ्याचें चुकलें तर सभासदांचा विश्वास जाईल, आणि तो कोणत्याही वर्गणीनें परत मिळत नाहीं.