काचेची पाटी

शिशुवर्गांच्या प्रवेशाचा हंगाम आला की शहरांतल्या चौकाचौकांत फलक लागतात. ते वाचण्याचा आम्हांला जुना नाद आहे. पूर्वी त्यांवर फुलपाखरे असत आणि 'प्रशस्त मैदान' असे. मग मैदाने गेली आणि 'वातानुकूलित वर्ग' आले. आता 'स्मार्ट क्लास' आणि 'प्रत्येक बालकाच्या हाती टॅबलेट' अशी आश्वासने दिसू लागली आहेत. ज्याला अजून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, त्याच्या हाती आपण काय देतो याची जाहिरात शाळेला करावीशी वाटावी, आणि ती वस्तू म्हणजे एक पडदा असावा, याचे आम्हांला नवल वाटते.

'टॅबलेट' म्हणजे मुळात लिहिण्याची सपाट फळी, म्हणजे आपली पाटीच. दगडाची पाटी गेली आणि काचेची आली, एवढ्याने बिघडले काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण दगडाच्या पाटीवर 'ग' काढताना पेन्सिल करकरते, अडते, मधूनच मोडते. जोर कमी पडला तर रेघ उमटत नाही, जास्त झाला तर तुकडा उडतो. पाटीचा हा विरोधच हाताला शिकवीत असतो. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, आणि त्यांच्या पद्धतीत मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत लिहायला शिकली, ती याच जाणिवेतून. काचेवर सगळीच अक्षरे सारखी गुळगुळीत. फ्रान्समधील संशोधकांनी २००५ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी अक्षरे हाताने गिरवली, काहींनी कळफलकावर दाबली. त्यांतल्या थोड्या मोठ्या मुलांना हाताने काढलेली अक्षरे पुढे अधिक चांगली ओळखता आली.

या विषयावरची आपली चर्चा बहुधा मिनिटांपाशी थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, कमी असेल तितके बरे. मर्यादा शहाणपणाची आहे. पण ज्या घरांत वरणभाताचा घास मोबाइलवाचून उतरत नाही, तेथे हा तास सकाळच्या न्याहारीपासूनच खर्ची पडू लागतो. मग शाळेच्या वाट्याला शिल्लक काय उरते? घरात जे अति झाले आहे तेच शाळेने पुन्हा वाढावे, की जे घरात कमी पडले आहे ते द्यावे?

कमी पडले आहे ते उत्तर देणारे माणूस. अमेरिकेतील सिअॅटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकींत चिनी भाषेचा सहवास देण्यात आला. समोर माणूस बसून खेळले, बोलले, तेव्हा बाळे त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीवरून दाखवले, तेव्हा काहीच पदरी पडले नाही. बालवाडीतले मूल त्या बाळांहून मोठे असते आणि पडद्यावरून काही शिकूही शकते, हे खरे. पण भाषा प्रथम रुजते ती बोलण्याला बोलणे मिळाल्याने, हे मात्र त्यातून कळते. मूल 'हे काय?' म्हणते तेव्हा त्याला नुसते नाव नको असते. आपल्या बोटाच्या दिशेने कुणीतरी पाहावे, हे हवे असते. पडदा त्या बोटाकडे पाहत नाही.

दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाही. ज्या मुलाला वाचा नाही त्याने चित्रावर बोट ठेवावे आणि यंत्राने त्याच्या वतीने 'पाणी' म्हणावे, यासारखा पडद्याचा सदुपयोग दुसरा नाही. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने असंख्य गरीब घरांत अक्षरे आणि आकडे पोचवले. पण तो कार्यक्रम वर्गाची जागा घेत नव्हता. आमची हरकत यंत्राला नाही. ते कुणाच्या जागी आणून बसवले जाते, याला आहे.

ज्यांनी हा मार्ग आधी धरला त्यांचेही पाऊल अडखळले आहे. स्वीडनच्या बालशाळांच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून डिजिटल साधनांचा वापर आवश्यक ठरला होता. २०२३ मध्ये तेथील सरकारनेच ही सक्ती काढण्याचा विचार जाहीर केला आणि पुस्तके व हस्तलेखन यांकडे वळण्याची भाषा सुरू केली.

आपल्याला तर इतक्या दूर जाण्याचे कारणच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसोरींची महागडी साधने परवडेनात, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. त्या अंगणवाडीत उणीव पुष्कळ होती. पण मुलाच्या बोटाकडे पाहणारी एक बाई तेथे होती, आणि सारी पद्धत तिच्यावर उभी होती.

आज त्या बाईचे काय झाले आहे? तिच्या कामाला अजून वेतन म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. पडदा मुलांच्या आधी तिच्याच हाती आला, तोही मुलांसाठी नव्हे, नोंदींसाठी. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. यंत्रे निकृष्ट आणि नोंदीचे ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर २०२३ मध्ये त्या मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी संपावर गेल्या. वजन, उंची, हजेरी, आहार हे सारे पडद्यात भरता भरता गोष्ट सांगायला किती वेळ उरत असेल, याचा हिशेब कोणत्याही ॲपमध्ये मागितला जात नाही.

आणि येथेच आमच्या मते खरे मर्म आहे. महागड्या शाळेतला टॅबलेट पालकांना दाखवण्यासाठी असतो, एवढेच त्याचे नुकसान. उद्या तोच गरिबांच्या बालवाडीत येईल तो बाईच्या बदल्यात येईल. यंत्र एकदा विकत घेता येते, त्याचे उद्घाटन करता येते, आणि ते संपावर जात नाही. बाईला मात्र दर महिन्याला पैसे द्यावे लागतात. तेव्हा श्रीमंतांच्या मुलांना माणूस आणि वर पडदा, गरिबांच्या मुलांना नुसता पडदा, अशी वाटणी व्हायला वेळ लागणार नाही. आणि तिला आपण 'प्रगती' म्हणू.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. प्रवेशाच्या वेळी वर्गात किती टॅबलेट आहेत हे विचारू नका. एका बाईंकडे किती मुले आहेत, त्यांना पगार किती मिळतो, आणि गेल्या वर्षीच्या बाई या वर्षी आहेत का, हे विचारा. उत्तर देताना शाळा अडखळली, तर काचेची पाटी कशासाठी आणली आहे ते आपल्याला कळून येईल.