बिल्ला ड्रॉवरमध्ये, माणूस किरणांमध्ये

ईदला वसमतजवळच्या आमच्या गावी गेलो की मामूंचा प्रश्न ठरलेला असतो. "बेटा, तू नांदेडच्या दवाखान्यात करतोस काय?" कॅथलॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, असे सांगितले की ते मान हलवतात, "म्हणजे फोटो काढतोस." मामूंचा मला राग येत नाही. राग येतो तो आमच्याच धंद्यातल्या लोकांचा, कारण ते स्वतःला फोटो काढणाऱ्यापेक्षाही स्वस्त समजतात.

सेनगाव किंवा औंढ्याकडचा माणूस छातीत कळ घेऊन रात्री दोनला टेबलावर येतो. डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या धमनीपर्यंत नेतात, फुगा फुगवतात, स्टेंट बसवतात. हे सगळे एक्स-रेच्या चालत्या चित्रावर पाहून होते. ते चित्र स्पष्ट आणि किरण कमी ठेवणे, हे आमचे काम. छातीच्या साध्या एक्स-रेत किरण क्षणभर चालतात, इथे कित्येक मिनिटे. रुग्णाच्या अंगावर पडून ते खोलीभर विखुरतात. रुग्ण या टेबलावर आयुष्यात एकदा-दोनदा येतो, आम्ही रोज उभे असतो.

म्हणून आम्हाला टीएलडी बिल्ला मिळतो. तो शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. पुष्कळांना वाटते तो किरण अडवतो. तो काहीच अडवत नाही, फक्त मोजतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरण पडले ते कळते. तो लावलाच नाही, तर अहवाल कोरा येतो आणि सगळे खूश!

माझ्या पहिल्या नोकरीत सगळ्यांचे बिल्ले एका ड्रॉवरमध्ये असत. "आकडा जास्त आला तर चौकशी लागेल, काम बंद होईल," असे वरिष्ठांनी समजावले. नवी नोकरी, घरी अब्बांचे कर्ज. मी गप्प बसलो. आज लिहितोय, कारण ते गप्प बसणेही खोटी साक्षच होती.

आपल्या पोरांचे उत्तर वेगळे असते, "मौत का वक्त तो मुकर्रर है." मग एप्रन तरी कशाला घालता? मोटारसायकलला ब्रेक कशाला ठेवता? आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हे आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकले! शरीर अमानत आहे, तर तिचा हिशोब ड्रॉवरमध्ये कसा चालेल?

एडिसनचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली कोणाला ठाऊक आहे? एक्स-रेच्या प्रयोगांत त्याचे हात भाजले, दोन्ही कापावे लागले आणि 1904 मध्ये तो कॅन्सरने गेला. त्या वेळी मोजायचे साधन नव्हते. आज ते आहे, तरी आपण ते ड्रॉवरमध्ये ठेवतो.

आपल्याकडे 2004 चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आपल्या नोंदी दरवर्षी, मागू तेव्हा आणि नोकरी सोडताना मिळणे हा आपला हक्क आहे. ही भीक नव्हे. मुलींना "लग्नानंतर काय?" म्हणून या कोर्सपासून अडवणाऱ्यांनीही ऐकावे. गरोदरपण कळवणाऱ्या बाईला घरी बसवा, असे नियम म्हणत नाहीत. तिच्या कामाची पद्धत बदलून द्या, असे म्हणतात.

2024 मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे हृदयरोगाच्या सोयी वाढाव्यात म्हणून निवेदने जातील, जायलाच हवीत. सहीसाठी कागद माझ्याकडे आला तर यंत्राच्या मागणीखाली मी एक ओळ जोडीन: शिकलेले टेक्नॉलॉजिस्ट, पुरेसे एप्रन आणि प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. मशीन कोटींचे आणि ते चालवणारा कंत्राटावर, बिनहिशोबी, हे चालणार नाही.

आणि सोबत्यांनो, उद्या ड्यूटीवर गेलात की आधी ड्रॉवर उघडा. आपल्या नावाचा बिल्ला काढा आणि छातीवर लावा. मग मागच्या अहवालाची प्रत मागा, लेखी.