क्लासच्या वाटणीत पालकांचा वाटा कोठे?

भागीदारांची भांडणे आपल्या समाजाला नवी नाहीत. पेढी फुटली, गिरणीच्या मालकांत फाटले, सख्खे भाऊ कज्ज्यात अडकले, अशा कथा प्रत्येक तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात धूळ खात पडलेल्या असतात. पण गेल्या काही वर्षांत न्यायालयांच्या पायऱ्या चढू लागलेला एक धंदा असा आहे की, त्याचा माल म्हणजे विद्या आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुले. खाजगी शिकवणीच्या कंपन्यांचे संस्थापक, त्यांचे गुंतवणूकदार आणि त्यांचे एकेकाळचे सहकारी आज परस्परांविरुद्ध शपथपत्रे दाखल करीत आहेत. मालकांनी मालकांशी भांडावे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून आपले अनेक कार्यकर्ते ही बातमी उलटून टाकतात. आमच्या मते ही उदासीनता परवडणारी नाही. ज्या इस्टेटीच्या वाटणीसाठी ही भांडणे चालली आहेत, तिच्यात एस.टी.च्या वाहकाची, नर्सबाईंची आणि दोन एकर कोरडवाहू शेती करणाऱ्या शेतकऱ्याची आगाऊ भरलेली फी आहे.

हा धंदा उभा कसा राहतो ते प्रथम पाहू. गणित शिकवणारा एक आणि भौतिकशास्त्र शिकवणारा दुसरा, असे दोघे मिळून भाड्याच्या खोलीत क्लास काढतात. 1932 च्या भागीदारी कायद्याखाली करारपत्र होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुले उत्तम गुण मिळवतात, चौकाचौकांत फलक लागतात आणि क्लासला नाव मिळते. मग नफ्याच्या वाटणीवरून मने दुखावतात, एक भागीदार बाहेर पडतो आणि समोरच्याच इमारतीत नवा फलक लावतो. नाव कोणाचे, छापील नोट्स कोणाच्या, मुलांच्या नावांची यादी कोणाची, यासाठी दावे सुरू होतात. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 सांगते की, कोणाच्याही धंद्यावर किंवा व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्दबातल असतो. भागीदारी कायदा मात्र बाहेर पडणाऱ्या भागीदारावर ठराविक मुदतीपुरती आणि ठराविक क्षेत्रापुरती वाजवी बंदी घालू देतो. ‘वाजवी’ म्हणजे किती वर्षे आणि किती मैल, यावर वकिलांचा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालतो. हिशेबाच्या पुस्तकात ज्याला पेढीची ‘ख्याती’ म्हणतात तिची किंमत ठरवली जाते. पण ही ख्याती ज्या मुलांच्या रात्रीच्या जागरणांतून आणि ज्या पगारी शिक्षकांच्या घशाच्या कोरडीतून निर्माण झाली, त्यांचे नाव दाव्यात वादी म्हणूनही नसते आणि प्रतिवादी म्हणूनही नसते.

क्लासची कंपनी झाली आणि तिची केंद्रे शहराशहरांत पसरली म्हणजे याच भांडणाला किती उग्र रूप येते, याचे उदाहरण जानेवारी 2025 मध्ये देशाने पाहिले. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या ‘फिटजी’ या जुन्या कंपनीची नोएडा, गाझियाबाद, मीरत, पाटणा अशा शहरांतील केंद्रे एकामागून एक बंद पडली. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांना दाराला कुलूप दिसले. महिनोनमहिने पगार थकल्यामुळे शिक्षक सोडून गेल्याचे वृत्त आले. कंपनीने निवेदन काढले की, त्या केंद्रांचे व्यवस्थापकीय भागीदारच आपल्या सर्व सहकाऱ्यांसह निघून गेले. पालकांनी पोलिसांत फिर्यादी दिल्या. यात खरे कोण आणि खोटे कोण, हे तपासात आणि न्यायालयात ठरेल. आमचा प्रश्न साधा आहे. कंपनी म्हणते भागीदार पळाले आणि शिक्षक म्हणतात पगार नाही. मग दोन-दोन वर्षांची फी एकरकमी भरून बसलेल्या पालकाने कोणाचे दार ठोठवायचे?

याहून कितीतरी मोठे प्रकरण ‘बायजू’चे आहे. केरळातील बायजू रवींद्रन आणि दिव्या गोकुलनाथ यांनी 2011 मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या ‘थिंक अँड लर्न’ या कंपनीचे मूल्य 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर मानले जात होते. भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव झळकत होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने 2020-21 चे हिशेब सुमारे दीड वर्षाच्या विलंबाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्या एका वर्षाचा तोटा 4,500 कोटी रुपयांहून अधिक असल्याचे उघड झाले. जून 2023 मध्ये हिशेबतपासनीसांनी राजीनामा दिला आणि तीन बड्या गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. कालपर्यंत जे संस्थापकाच्या खांद्याला खांदा लावून छायाचित्रे काढून घेत होते, त्यांनीच फेब्रुवारी 2024 मध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलावून त्याला पदावरून दूर करण्याचा ठराव संमत केला आणि कंपनीच्या कारभाराविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे तक्रार नेली. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या ठरावांची अंमलबजावणी रोखून धरली. क्रिकेट मंडळाच्या 158.9 कोटी रुपयांच्या थकबाकीवरून जुलै 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ती थकबाकी आपसांत मिटवून प्रक्रिया बंद करण्यास अपील न्यायाधिकरणाने मंजुरी दिली होती. पण परदेशी कर्जदात्यांच्या वतीने दाद मागितली गेली आणि 23 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. तिकडे अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या न्यायालयांत 53 कोटी 30 लाख डॉलर कोठे गेले, यावर स्वतंत्र खटले उभे राहिले. संस्थापकांनी गैरव्यवहाराचा आरोप फेटाळला आहे आणि त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही.

या प्रदीर्घ कज्जेदलालीतील एक तपशील मात्र आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. गुंतवणूकदारांच्या तक्रारीवरून न्यायाधिकरणाने 27 फेब्रुवारी 2024 रोजी असा आदेश दिला की, भागविक्रीतून जमा होणारा पैसा वेगळ्या, राखीव खात्यात ठेवावा आणि निकाल लागेपर्यंत त्याला हात लावू नये. आदेश योग्यच होता. ज्याच्याविषयी शंका आहे त्याच्या हाती पैसा देऊ नये, हे शहाणपण सर्वांनाच कळते. पण भांडवलदाराच्या पैशासाठी जे शहाणपण न्यायव्यवस्थेला सुचते, ते पालकाच्या फीसाठी आजवर का सुचू नये? गुंतवणूकदाराने धोका पत्करून, नफ्याच्या आशेने पैसा घातलेला असतो. पालकाने कोणताही नफा मागितलेला नसतो. त्याने फक्त दोन वर्षांच्या शिकवणीची किंमत आगाऊ मोजलेली असते. धंदा चालवण्यासाठी हा आगाऊ पैसा बिनव्याजी वापरला जातो. खरे पाहता पालक हा या कंपन्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गरीब भागीदार आहे. फरक एवढाच की, त्याला ना नफ्यात वाटा आहे, ना सभेत मत.

कंपनी बुडाल्यावर त्याची स्थिती काय होते? 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम 14 लागू झाले की कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुलीचे हुकूम तेथल्या तेथे थांबतात. ग्राहक मंचाने फी परत देण्याचा निकाल दिलेला असला, तरी तो कागद घरी जपून ठेवण्याखेरीज पालकाच्या हाती काही उरत नाही. पुढचे निर्णय धनकोंची समिती घेते आणि ती कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांची असते. कंपनी मोडीत निघाली तर कलम 53 प्रमाणे वाटणीची उतरंड ठरलेली आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे 24 महिन्यांचे वेतन आणि तारणावर कर्ज देणारे, हे एका पायरीवर. त्याखाली इतर नोकरांचे 12 महिन्यांचे वेतन. मग बिनतारणी कर्जदाते, मग सरकारी देणी आणि या सर्वांच्या तळाशी ‘उरलेली देणी’. पालकाची फी या उरलेल्या देण्यांत मोडते. तेथपर्यंत झिरपत येणारा पैसा बहुधा वाटेतच आटतो. आणि फी भरण्यासाठी एखाद्या वित्तकंपनीचे कर्ज घेतले असेल, तर क्लास बंद पडला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही.

शिक्षकाची गत याहून फारशी बरी नाही. या उतरंडीत कामगाराला वरची पायरी मिळते, पण शिक्षक ‘कामगार’ आहे काय? गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये निर्णय दिला की, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. दिवाळखोरीच्या संहितेने कामगाराची व्याख्या त्याच कायद्यावरून उचलली. परिणामी आठ-आठ तास उभे राहून शिकवणारा माणूस खालच्या पायरीवर, इतर नोकरांच्या रांगेत उभा राहतो. उपदान कायद्याच्या बाबतीतही असेच घडले होते. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना त्या कायद्याबाहेर ठेवले. तेव्हा शिक्षकांनी मागणी लावून धरली आणि 2009 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून त्यांना पूर्वलक्षी प्रभावाने आत घेतले. व्याख्या आकाशातून पडत नाहीत. संघटित मागणीपुढे त्या बदलतात, हा या इतिहासाचा धडा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पालक स्वखुशीने क्लासला जातात, मग धोकाही त्यांनीच सोसावा. ही स्वखुशी कसली? जेथे बारावीच्या गुणांना किंमत राहिलेली नाही आणि वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे एकाच प्रवेशपरीक्षेच्या किल्लीने उघडतात, तेथे क्लास हा शौक राहत नाही, ती सक्ती होते. दुसरा आक्षेप असा की, सरकारने नियम केले आहेत. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, हे खरे आहे. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. राज्यांनी कायदा केल्याशिवाय तिला दात येत नाहीत. शिवाय या सूचना चालू असलेल्या क्लासचा विचार करतात. मालक एकमेकांच्या उरावर बसले आणि क्लासच मिटला, तर फी कोणत्या तिजोरीतून परत करायची, याचे उत्तर त्यांत नाही.

उत्तर मात्र आपल्या कायद्यांतच अन्यत्र सापडते. घर घेणाऱ्यांची स्थिती काही वर्षांपूर्वी अशीच होती. आगाऊ पैसे भरायचे आणि बिल्डर बुडाला की हात चोळत बसायचे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरवर बंधन घातले की, ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि बांधकाम जसजसे पुढे सरकेल तसतशी ती उचलावी. 2018 मध्ये दिवाळखोरीची संहिता दुरुस्त होऊन घरखरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नोएडापासून मुंबईपर्यंत फसलेले घरखरेदीदार संघटित झाले, म्हणून हे घडले.

फ्लॅट घेणाऱ्याला जे मिळाले ते फी भरणाऱ्याला नाकारण्याचे कोणतेही तत्त्व आम्हाला दिसत नाही. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळाची फी एका वेळी घेण्यास कायद्याने बंदी असावी. घेतलेल्या फीतील 70 टक्के रक्कम राखीव खात्यात राहावी आणि शिकवणी होईल तसतशी ती संचालकांना मिळावी. भागीदारांत वाद झाला तरी चालू वर्षाच्या मुलांची शिकवणी पूर्ण करण्याची जबाबदारी सर्व भागीदारांवर एकत्रित आणि वैयक्तिक असावी. दिवाळखोरीत पालकांना घरखरेदीदारांप्रमाणे धनकोंच्या समितीत स्थान मिळावे आणि शिक्षकांचे थकलेले वेतन कामगारांच्या वेतनाच्या पायरीवर यावे. क्लास बंद पडल्याच्या दिवसापासून फीच्या कर्जाचे हप्ते थांबावेत.

क्लासचा कारभार सुधारणे हे समाजवाद्यांचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेली मागणी सर्वांच्या शिक्षणाची होती. ज्या शाळेत मुलाला पूर्ण शिकवले जाते आणि ज्या परीक्षेचा अभ्यास शाळेतच पुरा होतो, तेथे शिकवणीच्या कंपन्या आपोआप सुकतात. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे आणि प्रवेशपरीक्षांची शालेय अभ्यासक्रमाशी सांगड घालणे, हा मूळ लढा आहे आणि तो चालूच राहील. पण तो जिंकेपर्यंत आजच्या पालकाला वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जून महिन्यात क्लासचे प्रवेश सुरू होतात. त्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील क्लासच्या फीच्या पावत्या, करारपत्रे आणि कर्जाचे कागद तपासून द्यावेत, पालकांची समिती स्थापावी आणि क्लासमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांना संघटनेत आणावे. या भांडणांत मालकांकडे वकील आहेत. पालक आणि शिक्षक यांच्याकडे संख्या आहे, आणि ती एकत्र आणणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.