बरे आहेत म्हणे!

वळिवड्याच्या पोलिश छावणीचा विषय निघाला की आम्हां कोल्हापूरकरांची छाती चार बोटे फुगते. फुगावी असेच ते आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, आमच्या वेशीपाशी राहून गेले. महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ आहे, तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ साली पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

पण या विषयावरील भाषणांत एक वाक्य हटकून येते आणि माझे भांडण त्या वाक्याशी आहे. "इथे आले आणि सारे दुःख विसरले." कोणी सांगितले तुम्हांला? १९४० मध्ये घरांतून काढून, मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलेली ही माणसे. पुढल्या वर्षी सुटका झाली, ती उपासमार आणि रोगराई ओलांडीत इराणला पोचली आणि मग हिंदुस्थानात. वाटेत कोणाची आई राहिली, कोणाचे मूल. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. तेवढे पाहून आम्ही ठरवून टाकले की हे बरे आहेत! नाटकात नाचणारी मुलगी रात्री किंचाळून उठते का, हे विचारायला आमच्यापाशी भाषा नव्हती आणि डॉक्टरांपाशी त्या दुखण्याला आजचे नाव नव्हते.

नाव मिळाले १९८० साली, अमेरिकेत, आणि तेही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातोत्तर ताण. झालेला प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे, सतत दचकून सावध असणे. आणि हे आठवडेच्या आठवडे चालून रोजचे जगणे अडणे. सैनिकाला निदान "लढाईवर होतास का?" असे विचारतात तरी. आमचा तर फौजींचा जिल्हा, त्यांच्या कथा चावडीवर रंगतात. लढाई जिच्या दारावरून गेली, त्या बाईची कथा माजघरातच विरते.

१९४८ नंतर त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच. तिथल्या कापडबाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुकान आहे. त्याची आई कराचीहून नऊ वर्षांची असताना आलेली. लक्ष्मीपूजनाला बाहेर पहिला बार उडाला की ती उठून मागच्या दाराची कडी लावून येई. पुन्हा उठे, पुन्हा पाही. घरचे हसत. छातीत धडधडते म्हणून वर्षानुवर्षे डॉक्टर झाले, कार्डिओग्रॅम झाले, झोपेच्या गोळ्या झाल्या. १९४८ च्या जानेवारीत तुम्ही कुठे होता, हे एकाही डॉक्टराने विचारले नाही.

आमच्याकडची बाई "भीती वाटते" म्हणत नाही हो, "छातीत कसंतरी होतं" म्हणते. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः मराठी करून पुढे ठेवलेत तर ती सगळीकडे "नाही" लिहील आणि तुम्ही तिला निरोगी ठरवाल.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, ही सारी साहेबाची फॅडे; आमच्या आज्यांनी मुकाट्याने सोसलेच की! सोसले, म्हणूनच तर विचारतो आहे. आघात झालेला प्रत्येकजण आजारी पडतो असे मी मुळीच म्हणत नाही. पुष्कळजण आपोआप सावरतात, आणि जखम जबरीने उकरणे हाही अपराधच. पण दुकान चालले, पोरे शिकली, म्हणजे माणूस बरा झाला, हे कुठल्या वैद्यकात लिहिले आहे? जाणत्या माणसाकडून बोलते करण्याचे उपचार आहेत आणि ते उतारवयातही लागू पडतात.

गेल्या दिवाळीत मी त्या आईंना सहज विचारले, "कराचीच्या घराला मागचं दार होतं का हो?"

त्या दीड तास बोलल्या. अर्धे सिंधी, अर्धे मराठी. मला निम्मेच कळले. उंबऱ्यात बसलेला मुलगा पन्नाशी ओलांडलेला. त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "सर, डॉक्टरांचं सोडा. मी का नाही विचारलं?"