सही आधी, ठराव कधीच नाही

वारणानगर परिसरातल्या बायकांना सभा आणि ठराव म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. साखर कारखाना, दूध संघ, वारणा बाजार, सगळे सहकारी. सूचक कोण, अनुमोदक कोण, प्रोसीडिंगवर काय लिहिले, यावर इथे घराघरात वाद होतात. (शेअर बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, हा वाद वेगळा. तोही सोडलेला नाही.) तरी एक रीत पक्की: आधी सभा, मग ठराव, मग सही.

देश जेव्हा पर्यावरणाचे करार करतो तेव्हा ही रीत पाळली जात नाही. वाटाघाटी सरकारचे प्रतिनिधी करतात. मसुद्यातले वादाचे शब्द चौकटी कंसात टाकतात आणि रात्र-रात्र बसून एकेक कंस सोडवतात. मग सही. सहीने देश पुरता बांधला जात नाही. त्यासाठी नंतर अनुसमर्थन लागते. आपल्याकडे ते मंत्रिमंडळ करते. करार करणे हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राचा विषय आहे. संसदेची मंजुरी आधी घ्यावी असे बंधन नाही. कलम 253 प्रमाणे संसद नंतर कायदा करू शकते, तोही राज्यांच्या विषयावरसुद्धा. म्हणजे ज्या रानाबद्दल बोलणी चालली, त्या रानातल्या ग्रामसभेचा नंबर सगळ्यात शेवटी.

आमच्या नदीचेच पाहा. वारणा चांदोलीच्या रानातून येते. 1985 मध्ये तिथे अभयारण्य झाले, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावे उठली. धरणाने उठवलेली वेगळी, अभयारण्याने उठवलेली वेगळी. जमिनीसाठी, पाण्यासाठी या बायका मोर्चात आणि ठिय्यात वर्षानुवर्षे पुढे बसल्या आहेत. 2012 च्या जुलैत सेंट पीटर्सबर्गला जागतिक वारसा समितीने पश्चिम घाटातली 39 ठिकाणे यादीत घेतली. महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आधार 1972 च्या कराराचा, भारताने 1977 मध्ये मान्य केलेल्या. समितीच्या सल्लागार तज्ज्ञ संस्थेने तेव्हा निर्णय पुढे ढकला, स्थानिकांशी अधिक बोला, असे सुचवले होते. ते बाजूला ठेवून निर्णय झाला. रान जगाचा वारसा झाले आणि त्या रानात जन्मलेली बाई पुनर्वसन वसाहतीत सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालत राहिली. रान राखायला आमचा विरोध नाही. विचारल्याशिवाय राखायला आहे.

करारांच्या कागदांत बाई नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 1992 च्या रिओ जाहीरनाम्याचे विसावे तत्त्व स्त्रियांबद्दल आहे. अजेंडा 21 चे चोविसावे प्रकरण पूर्ण स्त्रियांवर आहे. हे कोणी दयेने लिहिले नाही. आदल्या वर्षी मायामीत जगभरच्या स्त्रिया जमल्या, स्वतःचा जाहीरनामा घेऊन रिओला गेल्या, तेव्हा हे शब्द आले. पण शब्द कुठे बसतात तेही पाहावे लागते. 2015 च्या पॅरिस करारात स्त्री-पुरुष समता प्रस्तावनेत आहे. उद्दिष्टे सांगणाऱ्या दुसऱ्या कलमात नाही. प्रस्तावना म्हणजे लग्नपत्रिकेतले निमंत्रक. नाव छापले जाते, देण्याघेण्याचे कोणी विचारत नाही.

एका करारातून मात्र आपल्या हाती काहीतरी आले. जैवविविधता करार: रिओत सह्या 1992 मध्ये, भारताचे अनुसमर्थन 1994 मध्ये, कायदा 2002 मध्ये, नियम 2004 मध्ये. बारा वर्षे लागली. त्या नियमांत होते, की प्रत्येक ग्रामपंचायतीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा जणांची जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि त्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. गावातल्या वनस्पतींची आणि त्याबद्दलच्या जाणतेपणाची लोक-नोंदवही करायची. व्यापारासाठी कोणी माल गोळा करायला आला, तर शुल्कही लावता येते. हिरडा, शिकेकाई वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा मोठा अधिकार आहे.

झाले काय? समित्या रखडल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली आणि पुढे राज्यांना महिन्याला दहा लाखांची भरपाई लावली. मग घाई सुरू झाली. घाईत यादी करायची म्हटली की आधी बचतगटाच्या वहीतली दोन नावे उचलतात. रानभाजी ओळखणारी म्हातारी यादीत येत नाही, कारण तिला मीटिंगला बोलावत नाहीत.

2023 मध्ये कायदाही बदलला. कैदेची शिक्षा जाऊन नुसता दंड राहिला. ग्रंथात नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला लाभवाटणीतून सूट मिळाली. हिरडा आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच. म्हणजे कारखानदाराने ग्रंथाकडे बोट दाखवायचे आणि वेचणारीला रोजाचे पैसे द्यायचे! ग्रंथ कोणी लिहिले आणि हिरडा ओळखून कोणी आणला, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. येत्या सभेत ग्रामसेवकाकडे नोंदवही आणि समितीची यादी मागा. यादीतल्या दोन बायकांच्या घरी जाऊन विचारा, आपण सभासद आहोत हे त्यांना ठाऊक आहे का.