ऑपरेशन डॉक्टर करतात, पेशंटला उभं कोण करतं?

बारा दिवस इथं काही लिहिलं नाही म्हणून बऱ्याच जणांचे फोन आले. कारण सांगतो. आतड्याला पीळ पडला होता. रात्री १०८ नं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, पहाटे पोट उघडून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, योजनेत बसल्यामुळं बिलही आलं नाही. हे आधी लिहून ठेवतो. आता पुढचं वाचा.

ऑपरेशन दोन तासांचं. खरी परीक्षा नंतरच्या चार दिवसांची. नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. खोकला आला की टाके उसवतात की काय असं वाटतं, म्हणून माणूस खोकायचं टाळतो, श्वासही वरवर घेतो. मग कफ साचतो, न्यूमोनियाला वाट मिळते. नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून लवकर उठवून बसवायचं, पोटाशी उशी धरून खोकायला शिकवायचं, धरून चार पावलं चालवायचं. पिशवीत लघवी किती आली ते लिहायचं, ताप-नाडी-बीपी बघायचं. हे नर्सिंगचं काम. शिकून येणारं काम.

आमच्या वॉर्डात खाटा चाळीस. रात्री सिस्टर एक. तिनंच सलाईन बदलायचं, इंजेक्शनं द्यायची, नवा पेशंट घ्यायचा, रजिस्टरं भरायची. दुखतंय म्हणून मी हाक मारली. "आले दादा" म्हणाली आणि पाऊण तासानं आली, तीही माफी मागत. तिच्यावर चिडायचं कुठल्या तोंडानं?

मग बाकीचं सगळं नातेवाइकांच्या गळ्यात. माझी पिशवी बायकोनं रिकामी केली. मला बसवलं भावानं, आणि काखेत हात घालून असं ओढलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. छातीच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र असतं ना, ते त्यांच्या मुलाकडं दिलं आणि "करून घ्या" म्हणून सांगितलं. आजोबा दोन दिवस त्यात इमानदारीनं फुंकत होते. पोरगा म्हणायचा, "बाबा, जोर लावा." त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, तेव्हा गोळ्या वर जातात! मलाही ते माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या सिस्टरचं लक्ष गेलं. तोवर आजोबांना ताप भरला होता, धाप लागली होती. आयसीयूत हलवलं. त्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण "आत ओढा" हे दोन शब्द सांगायला दोन दिवस कुणाला सवड नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला सुट्टी मिळाली तेव्हा ते आयसीयूतच होते.

एक माणूस मात्र अगदी वेळेवर आला. योजनेच्या फाइलसाठी टाक्यांसकट माझा फोटो काढायला. बिलाला पुरावा लागतो. पेशंटला कुणी चालवलं का, याचा पुरावा कुणी मागत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे: साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के जादा. तिन्ही पाळ्या मिळून हिशेब धरला तरी चाळीस खाटांना आठ जणी होतात. मग रात्री एकच कशी?

काही जण म्हणतील, आपल्या माणसाचं आपण करायलाच पाहिजे. करतोच की! पण मायेला ड्रेन कळत नाही. आणि आजोबांचा पोरगा रोजंदारीवरचा, त्याच्या बुडालेल्या हजेरीचं काय? फुकट योजनेतलं हे बिल तो भरतोय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. तेव्हा खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास धुवायला लावला, व्हिडिओ राज्यभर फिरला. झाडू हातात देणं सोपं असतं. पदं भरायला मंत्रालयात भांडावं लागतं.

दोष माझाही आहे. 'अद्ययावत शस्त्रक्रियागृहाचे लोकार्पण' ही बातमी मी स्वतः तीनदा लिहिलीय. फीत कुणी कापली, व्यासपीठावर कोण कोण होतं, सगळी नावं बिनचूक. रात्री सिस्टर किती असतात, हे एकदाही विचारलं नाही.

आता विचारतो. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज फळा लागला पाहिजे: आज पेशंट किती, या पाळीला सिस्टर किती. रिकामी पदं कायमस्वरूपी भरा, कंत्राटाची मलमपट्टी नको. आणि तोवर निदान एक मराठी कागद नातेवाइकाच्या हातात द्या: पेशंटला कसं उठवायचं, यंत्र कसं ओढायचं, कधी धावत जाऊन सिस्टरला बोलवायचं. याला खर्च किती येतो?

मंजूर पदं किती, भरलेली किती, यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय. टाके निघाले की स्वतः नेऊन देणार. उत्तर आलं की इथंच टाकतो.

तुमच्या माणसाचं ऑपरेशन झालं असेल तर रात्री वॉर्डात किती सिस्टर होत्या, एवढंच खाली लिहा. सिस्टरांना शिव्या देऊ नका, त्यांची बाजू घ्या. पटलं तर शेअर करा, परवानगी विचारायची गरज नाही.