उंबरठ्यापाशी चप्पल काढून



दसऱ्याचं सोनं वाटून झालं की घरोघरी दोन विषय निघतात. एक फराळाचा, दुसरा सुट्टीचा. फराळाचं आपण पुष्कळ बोललो, आज सुट्टीचं बोलू. मुलांना घेऊन कुठं जायचं म्हटलं, की समुद्र नाहीतर देवदर्शन, हे ठरलेलंच. दोन्ही चांगलंच आहे. पण यंदा त्यातला एक दिवस निराळा काढून पाहा. पाऊस सरलेला, हवा स्वच्छ धुतलेली, शेतांतून भाताची कापणी चाललेली, अशा शरदाच्या दिवसांत कलावंतांची घरं पाहायला जा. त्यासाठी कुणा सहलवाल्याची गरज नाही. दोघीतिघी मैत्रिणी, मुलं, एक वही आणि दशम्या-चटणीचा डबा एवढं पुरे.

उदाहरणादाखल सावंतवाडीचाच बेत सांगते. रेल्वेनं गेलात तर स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब आहे, रिक्षा करावी लागते. गावात आलात की मोती तलावाच्या काठी राजवाडा. तिथं गंजिफा रंगवणारे कलाकार काम करताना पाहायला मिळतात. गंजिफा म्हणजे आपले जुने गोल पत्ते. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, मग रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात. चिंचोक्याची खळ, बरं का! आपण चिंच कोळून चिंचोके टाकून देतो.

ही कला पन्नासेक वर्षांपूर्वी जवळजवळ बुडालीच होती. जाणते कारागीर अगदी मोजके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी मनावर घेतलं. राणीसाहेब नुसता आश्रय देऊन थांबल्या नाहीत, कारागिराकडून स्वतः ही कला शिकल्या. २०१८ साली त्या गेल्या, पण काम चालू राहिलं.

तिथून चितार आळी जवळच. लाकडाची फळं, भाज्या, पाट, चौरंग, भातुकली, ठकी, सगळं रंगीबेरंगी. दुकानं पुढं आणि काम मागं, असं बऱ्याच ठिकाणी असतं. पुष्कळशी खेळणी पांगाऱ्याच्या मऊ, हलक्या लाकडाची.

आता माझी एक फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कारागिराच्या घरी मी लाकडी भाज्यांचा संच हातात घेतला, किंमत ऐकली आणि सवयीनं बोलून गेले, "एवढ्याशा लाकडाचे एवढे पैसे? घरीच तर करता तुम्ही!" घरातल्या बाई रंगवत बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. पाट पुढं सरकवून म्हणाल्या, "वायच बसा. बघा. मगे सांगा."

बसले. त्यांच्या हातात एक कारलं होतं. आधी त्याला पांढरा हात दिलेला, तो वाळल्यावर घासलेला, आता हिरवा रंग चढत होता. मध्येच चुलीवरचा भात बघायला त्या उठत, हात धुऊन परत येत. मुलगा भूक लागली म्हणून आला, त्याला लाडू देऊन परत ब्रश उचलला. अर्धा तास गेला. कारलं काही पुरं झालं नाही.

आणि मला एकदम आठवलं, त्याच्या आदल्याच दिवाळीत शेजारच्या एका बाईंनी माझ्याकडून चार किलो चकल्या करून घेतल्या होत्या. पैशांची वेळ आली तेव्हा त्या हसत म्हणाल्या होत्या, "एवढे? घरीच तर करता तुम्ही!" दोन दिवस मी धुसफुसत होते. यांना उकड काढण्यातलं, मळण्यातलं, तळणीपाशी उभं राहण्यातलं काय कळतं म्हणून! आणि तेच शब्द, अगदी तेच, माझ्या तोंडून दुसऱ्या बाईला गेले होते. संच मी सांगितलेल्या किमतीला घेतला. आजही तो माझ्या दिवाणखान्यात आहे. कुणी "केवढ्याला घेतला?" विचारलं, की मी आधी कारल्याची गोष्ट सांगते.

म्हणून जाणार असाल तर चार गोष्टी गाठीशी बांधा.

पहिली, ते दुकान असलं तरी मागं कुणाचं तरी घर आहे. भर दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. उंबरठ्यापाशी चप्पल काढा. फोटो काढण्याआधी विचारा. ओल्या रंगाला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

दुसरी, आधी बघा, मग विचारा, किमतीचं सगळ्यात शेवटी. लाकूड कोणतं, रंगवलं कुणी, इथंच केलंय का, हे विचारण्यात गैर काही नाही. खरं काम करणाऱ्याला असे प्रश्न आवडतात. लहान मूल वस्तू तोंडात घालणारं असेल, तर रंगाचंही स्पष्ट विचारा.

तिसरी, किती खर्च करायचा ते घरून निघतानाच ठरवा. तेवढ्यात बसेल ती लहानशी वस्तू घ्या, पण घासाघीस नको. काहीच घ्यायचं नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, "आज नुसतं बघायला आलोय." त्यात कमीपणा नाही. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं.

चौथी, घरी आणल्यावर लाकडी वस्तू पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसली की झालं.

दुपार कलल्यावर कुडाळच्या दिशेनं निघा. अंतर वीसेक किलोमीटर. कुडाळच्या अलीकडंच पिंगुळी लागतं. इथली ठाकर मंडळी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. चित्रकथीत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले असतात. त्यांच्या संचाला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि कथा गाऊन सांगायची. इथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहुली नाचवणारी बोटं जवळून पाहिली, की मुलं टीव्ही विसरतात बघा! जाण्याआधी मात्र फोन करून खेळ आहे की नाही ते विचारून घ्या.

सावंतवाडी लांब पडत असेल तर राहू द्या. तुमच्या गावात कुंभारवाडा असेल, तांबट आळी असेल, मागावर बसणारा विणकर असेल. एक दुपार तिकडं काढा. मुलांना दाखवा, की वस्तू दुकानात उगवत नाही, कुणाच्या तरी हातातून येते.

आणि हो, परत आल्यावर यंदाच्या चकल्या कुणी सांगून करून घेतल्या, तर तुमचेही पैसे न लाजता सांगा. फार वाटत असतील तर त्यांना म्हणावं, "वायच बसा."